माळवदाची माती

आखाडा म्हटलं की पुण्यामुंबईच्या माणसाला लाल मातीतले पैलवान आठवतात. आमच्या हिंगोलीकडे आखाडा म्हणजे शेतातलं घर. बैल, औतं, कडबा आणि माणसं एकाच ठिकाणी नीट राहावीत म्हणून बांधलेलं. आमचा आखाडा पुसेगावच्या शिवारात, ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला तो मुळीच आवडला नव्हता. वरून वरणात माती गळायची, भिंतीतून विंचू निघायचे, आणि शेजार म्हणावा तर म्हशींचा. वसमतच्या पेठेत वाढलेली मी, पहिल्याच आठवड्यात सासरच्यांना ऐकवलं की जनावरांसाठी बांधलेल्या घरात माणसं ठेवू नयेत. माझा नवरा फारुक नुसता हसला होता.

त्याच घरापायी मी या उन्हाळ्यात निम्म्या तालुक्याशी भांडले.

फारुकला जाऊन आता तिसरं वर्ष लागलं आहे. तो गेला तेव्हापासून माझा मुलगा अश्फाक, ज्याचं हिंगोलीला डेपोजवळ दुकान आहे, मला तिकडे राहायला बोलावतो. पोरगा वाईट नाही, सून यास्मीन तर फारच चांगली. पण त्यांच्या घरात माझ्यासाठी जी खोली आहे तिच्या खिडकीतून समोरच्याची पाण्याची टाकी दिसते. इथे माझ्या कोंबड्या आहेत, हळदीचं रान आहे, ज्या पोरांना मी अंगणवाडीत खिचडी भरवली ती आता बाप्ये होऊन बांधावरून "बाई, कशा आहात" म्हणत जातात. या घरातून निघाले की मी कोणाची तरी पाहुणी होणार, आणि पाहुणी होऊन जगणं मला जमत नाही. एवढी साधी गोष्ट होती.

पण घराची तब्येत खरंच बिघडली होती. माळवदाचं घर ते. दगडी जोतं, हातभर जाड भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर किलच्या म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती. फारुकनं दहाएक वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्या मातीवर सिमेंटचा थर ओतला. दरसालची माती टाकायची कटकट वाचली म्हणून मीही खूश होते. सिमेंटला तडा गेला, तड्यातून पाणी आत उतरलं आणि वर झाकण असल्यामुळे ते वाळलंच नाही. तुळयांची टोकं भिंतीतल्या भिंतीत कुजली. गेल्या पावसात मधल्या खोलीचा एक कोपरा खाली बसला, आणि अश्फाकला बोलायला तोंड मिळालं.

आमच्या घरातलं बोलणं दखनीत चालतं, मी इथे मराठी करून सांगते. तो म्हणाला, "अम्मी, ती माती आहे. माती पावसात टिकत नसते. एक दिवस तुझ्या अंगावर येईल आणि मला हिंगोलीत कळेल."

मी म्हटलं, तुझ्या पणज्याच्या काळापासून टिकली ती काय साखर होती? बरंच बोलणं झालं. शेवटी त्यानंच तोडगा काढला. बकरीद यंदा मृगाच्या आधी येत होती. बकरीदेपर्यंत तिन्ही खोल्यांवर धड माळवद पडलं तर तो हिंगोलीचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही पडलं तर मी सामान बांधायचं आणि घर पाडून तो तिथे शेड टाकणार. मी कबूल म्हटलं. यास्मीन मागून हातानं खुणा करत होती की अम्मी, असं लगेच कबूल होऊ नका. पण मी एकदा बोलले की बोलले.

हा आखाडा फारुकच्या आजोबांनी, बडे अब्बांनी, निजामाच्या राज्यात बांधला. हिंगोलीच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती, पण जीव शेतात. सागवान पैनगंगेच्या पलीकडून बैलगाड्यांनी आणलं. पोलीस ॲक्शनच्या वर्षी निजामाचं राज्य गेलं आणि मुसलमान माणसं घाबरून इकडेतिकडे गेली तेव्हा हे कुटुंबही घर टाकून निघालं. मागे, शेजारच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या सिंधूबाईच्या आजेसासऱ्यानं आपली सगळी मेंढरं या आखाड्यात कोंडली आणि दारात बसून राहिला. जे कोणी घर जाळायला आले त्यांना सांगितलं की हा माझा वाडगा आहे. मेंढरं कोण जाळणार? बडे अब्बा परतले तेव्हा घरात गुडघाभर लेंड्या होत्या, पण घर उभं होतं. सिंधूबाई अजूनही या गोष्टीवर माझ्याकडून चहा उकळते. "आमच्या मेंढरायनं राखलेलं घर हाय बाई, दूध जास्त टाका," म्हणते.

पुढे सासरे गेल्यावर दोन भावांत वाटणी झाली. ओढ्याकडच्या तीन खोल्या फारुकच्या, रस्त्याकडच्या दोन धाकट्या हाशिमच्या. हाशिमनं गावात स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं आणि आपल्या खोल्या उतरवल्या. तो त्याचा हक्क होता. पण उतरवल्या कधी, तर फारुक गेल्याचा चाळिसावा दिवस होतो न होतो तोच. मी आत कुराण वाचत बसले होते आणि भिंतीपलीकडे लाकडं धाडधाड पडत होती. त्या दिवसापासून मी हाशिमशी बोलणं सोडलं. त्याची बायको नाहिद लग्नकार्यात भेटली तर तेवढं हसायचं, बस.

तर, काम सुरू झालं. हनुमान मिस्त्री माझ्याच अंगणवाडीतला. लहानपणी नाक पुसायला हजारदा सांगावं लागायचं, आता लाकडात हात असा की विचारू नका. त्यानं आधी सिमेंट फोडून काढलं. मग माळवदाची माती उतरवली, भलामोठा ढीग लागला अंगणात. तो कुजलेली टोकं कापून नवं लाकूड जोडायच्या मागे लागला आणि मी ढिगाच्या.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते, आणि हसायचं तर हसा. पांढरी माती म्हणजे गावच्या जुन्या गढीची माती. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून, भिंती पडून, राख आणि शेण मिसळून झालेली. भिजली की ती दाबून बसते, पाण्याला वाट देत नाही, म्हणून माळवदावर तिच्याशिवाय चालत नाही. पण तीच माती पिकालाही औषधासारखी लागते. कोणाचं जुनं माळवद उतरलं की माती रानात पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या हाताला तीच सवय. ढीग दिसला, शेजारच्या रानातल्या सटवाजीचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता, हळदीचं रान लागवडीसाठी तयार करायचं होतंच. मी सगळी माती हळदीत टाकायला सांगितली. सटवाजीनं इमानदारीत पसरली आणि वरून रोटाव्हेटरही फिरवला. मी बांधावर उभी राहून यंदा हळद कशी येते बघा म्हणून त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी हनुमान तुळईवरून खाली उतरला आणि अंगणात इकडेतिकडे बघू लागला.

"बाई, माती कुठं ठिवली?"

"रानात टाकली."

तो जोत्यावर खालीच बसला. "अन् मंग माळवदावर काय टाकता?"

मी तोऱ्यात म्हटलं की नवं छत, नवी माती, गढीवरून आणू. हनुमान म्हणाला, "गढी राह्यली कुठं आता?" तेव्हा माझा तोरा उतरला. गढीवर एका बाजूला पाण्याची टाकी झाली, दुसऱ्या बाजूला घरं झाली, आणि खणून खणून एकाच्या घराला तडा गेल्यापासून तिथे कुदळ लावायला बंदी आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आठवलं नाही, एवढंच.

मी रानात जाऊन उभी राहिले. काळ्या मातीत ती पांढरी कालवून गेली होती. दुधातून पाणी वेगळं काढता येत नाही, तशीच ती निघणार नव्हती. मला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना. सिंधूबाई मेंढरं घेऊन बांधावरून चालली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता हळद घरावर लावा अन् रानात झोपा." मग माझं तोंड बघून तिचा सूर उतरला. तिचं जुनं माळवदाचं घर मागच्या पावसात बसलं होतं, नवं घरकुल शेजारी उभं राहिलं होतं. "आमची न्या," म्हणाली. "तशी बी उकिरड्यागत पडून राह्यली."

तिथून मला रस्ता सापडला. गावोगाव माळवदं पडत होती आणि स्लॅब चढत होते. मी सटवाजीच्या ट्रॅक्टरवर बसून निघाले. पुसेगाव, आजूबाजूच्या वाड्या, जिथे जुनं घर पाडल्याचं कळेल तिथे. बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी माझ्या अंगणवाडीतलं निघायचं. शिवकन्या नावाची माझी एक लाडकी पोरगी आता दोन लेकरांची आई झालेली, तिनं सासऱ्याशी वाद घालून ट्रॉलीभर माती दिली. एकानं आधीच रानात टाकली होती, त्याला मी काय बोलणार? एकानं रस्त्याच्या खड्ड्यात ओतली होती, त्याला मात्र मी मनसोक्त बोलले. एका घरी म्हातारबुवा म्हणाले की आमच्या छताखाली तीन बायका मेल्या, ती माती तुम्हाला लाभणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडे मरायला मी एकटीच आहे, द्या. त्यांनी दिली.

चाळणीनं खडे काढले, माती भिजवली, तुडवली. पहिल्या दोन खोल्यांवर किलच्या बसल्या, पाला पडला, ओली माती आणि तिच्यावर कोरडी. मग ती चोपायला बाया आल्या. लाकडी चोपणं घेऊन सगळ्या ओळीत बसल्या. चोपताना ताल लागतो, आणि त्यातल्या अर्ध्या माझ्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांनी गाणं काय काढावं, तर मी शिकवलेले आकडे. एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर. मोहिनी एकोणऐंशीला अडखळली, लहानपणीही तिथेच अडखळायची. माळवदावर इतकं हसणं झालं की सिंधूबाईची मेंढरं बिचकली.

पण तिसऱ्या खोलीला, मधल्या मोठ्या खोलीला, माती उरली नाही. फारुक याच खोलीत झोपायचा, याच खोलीत गेला. बकरीद तोंडावर आली होती. जवळपासचं मागून झालं होतं, लांबच्या वाडीतलं एक घर ईदेनंतर पाडणार असं सिंधूबाईनं ऐकलं होतं. ईदेनंतर मला काय उपयोग होता?

आणि मग माझ्या डोक्यात हाशिम आला. दोन खोल्यांच्या माळवदाची माती उतरवली होती त्यानं. ती कुठे गेली? माझी खात्री होती की त्यानं स्वतःच्या स्लॅबच्या घराच्या पायात भरली. बडे अब्बांच्या छताची माती टाइल्सच्या खाली! हे मी चारचौघांतही बोलले होते, तेही पुष्कळदा. तरी वाटलं, विचारावं. पाच-दहा टोपली का होईना, कुठे पडली असेल. त्याच्या दारात जायचं म्हणजे मला जीभ चावून जावं लागणार होतं. मी चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली आणि गेले.

नाहिदनं मला दारात बघितलं आणि पाणी आणायला पळाली. हाशिम पलंगावर पेपर वाचत होता, तो उठून उभा राहिला. त्याच्या कानावर सगळं आलेलं होतंच. मी बसलेही नाही.

"तुझ्या माळवदाची माती कुठे आहे?"

त्यानं हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "कब्रस्तानात."

मला काही समजेना. तो खाली मान घालून सांगू लागला. फारुक गेला त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात कबरीवरची काळी माती फाटली होती. "हात जाईल एवढी भेग पडली, भाभी. जुम्म्याला जायचो, बघवत नव्हतं. माझ्या खोल्यांची माती पडलीच होती. ती नेली, भिजवली आणि भाईवर घातली." मग सासऱ्यांच्या कबरीवर, सासूबाईंच्या, बडे अब्बांच्या. ते बघून लोक मागायला आले. कबरीसाठी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ढीग संपेपर्यंत तो देत राहिला.

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. फारुकला घरातून नेलं त्यानंतर त्याचं काय झालं, कुठल्या झाडाजवळ आहे, वर काय घातलं, हे मी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. विचारलंही नव्हतं. विचारलं तर रडू येईल म्हणून.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

नाहिद पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबली होती. मी तिच्या हातातून पाणी घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसून प्याले. मला लाज वाटत होती, आणि या मुक्या माणसाचा रागही येत होता, दोन्ही एकदम. निघताना हाशिमला एवढंच म्हटलं की ईदेला घरी ये. तो आलोच म्हणाला.

माती मात्र मिळाली नव्हती. हनुमान म्हणाला, "पत्रे टाकू वरून, बाई. खालून किलच्या दिसतेत. अश्फाकभाईला काय कळून राह्यलंय?" मी त्याला सांगितलं की मी माळवद कबूल केलं होतं, पत्रे नाही. पोराला फसवून या घरात राहायचं असतं तर इतकी माती वाहिली कशाला असती? मी त्याच्याकडून तिसऱ्या खोलीच्या तुळया नीट बसवून घेतल्या, किलच्या ठोकून घेतल्या, पाला अंथरून घेतला. जेवढं माझ्या हातात होतं तेवढं पुरं केलं. सिंधूबाईनं विचारलं की जायचंच हाय तर एवढं कशाला. मी म्हटलं, गेले तरी अर्धवट टाकून गेले असं कोणी म्हणू नये. तिनं मान फिरवली.

अश्फाक आणि यास्मीन ईदेच्या आदल्या संध्याकाळी आले. त्यानं दोन खोल्या बघितल्या, भिंतीवरून हात फिरवला, आत थंड आहे म्हणाला. तिसऱ्या खोलीत उभं राहून वर बघितलं. पाल्याच्या फटींतून आभाळ दिसत होतं. यास्मीननं माझा हात दाबला. शब्द माझा होता आणि तो मोडला गेला होता. मी ट्रंक उघडली, त्यात दोन चादरी घातल्या आणि झाकण तसंच उघडं ठेवलं.

सकाळी हाशिम दारात आला, किती काळानं कोण जाणे. अश्फाकला घेऊन नमाजला गेला. नमाजनंतर पुरुष कब्रस्तानात जातात, फातिहा पढतात आणि मग घरी येऊन कुर्बानीचं बघतात. त्या दिवशी त्यांना यायला फार वेळ लागला. मी चुलीपाशी बसून अश्फाकला काय सांगायचं ते मनात घोळवत होते. कोंबड्या सिंधूबाईला द्यायच्या. हळद वाट्यानं सटवाजीला. घर पाडायच्या आधी सागवान नीट उतरवून घ्यायचं.

तो आला तो सरळ मधल्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले.

"तिसरी राहिली," मी म्हटलं. "मी शब्द फिरवणार नाही. माझी ट्रंक अर्धी भरली आहे."

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो वर पाल्याकडे बघत होता. म्हणाला, "अब्बांच्या कबरीवरून दोन पावसाळे गेले, अम्मी. एक भेग नाही. शेजारच्या काळ्या मातीच्या सगळ्या खचल्यात. मी हात फिरवून बघितलं." मग म्हणाला, "मी दर ईदेला जातो तिथे. मला वाटायचं चाचांनी वरून काहीतरी सिमेंटबिमेंट घातलं असेल. आज विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं."

फारुकला बाहेर नेलं तेव्हापासून रोज रात्री मला एकच वाटायचं, की तो उघड्यावर आहे. पावसात, उन्हात, कुठल्याशा उघड्या मैदानात, आणि मी इथे छताखाली. मी पदर तोंडात धरला आणि पोरासमोर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. त्यानं मला रडू दिलं. हाशिम बाहेर अंगणात उभा होता, तो आत आला नाही.

मग अश्फाक नव्या कुर्त्याच्या बाह्या वर सारू लागला. "मृगाला अजून वेळ आहे," म्हणाला. "चाचा म्हणत होते, लांबच्या वाडीत एक घर पाडणार आहेत, ती माती कोणाची आहे? चाचांना घेऊन मीच जातो."

"ईदेचा दिवस आहे, आज कोण देणार?" मी डोळे पुसत म्हटलं.

"मग उद्या. आज घर तरी दाखव मला सगळं. आणि ती ट्रंक रिकामी कर."

मी आधी हाशिमला आत बोलावलं. आपल्या घरात आल्यावर दारात उभं राहायचं नसतं, एवढंही त्या माणसाला कळत नाही. फारुक तिकडे याच घराच्या छताखाली होता. आम्ही इकडे तिघंजण उघड्या छताखाली उभे राहून वर बघत होतो, आणि अश्फाक चाचाला विचारत होता की पुरी खोली झाकायला किती ट्रॉल्या लागतील.